कितवा डीप ब्लू?

रविवारी सकाळी आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात बुद्धिबळाचे पाच-सहा पट मांडले जातात. खेळ थोडा, वाद फार. मागच्या महिन्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांचा अकरावीतला नातू यांची जुंपली. काका म्हणत होते, "कास्पारोव्हनं डीप ब्लूला चारी मुंड्या चीत केलं होतं, मी स्वतः पेपरात वाचलंय." नातू म्हणाला, "आजोबा, उलटं सांगताय. डीप ब्लूनं कास्पारोव्हला हरवलं, सगळ्या जगाला माहितेय." चहा येईपर्यंत दोघांचे आवाज चांगलेच चढले होते.

गॅरी कास्पारोव्ह तेव्हाचा जगज्जेता, डीप ब्लू हा बुद्धिबळ खेळणारा संगणक. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. काका बोलत होते ते फेब्रुवारी १९९६ च्या फिलाडेल्फियाबद्दल. तिथे सहा डावांत कास्पारोव्ह ४, डीप ब्लू २. नातू बोलत होता मे १९९७ च्या न्यूयॉर्कबद्दल. तिथे डीप ब्लू साडेतीन, कास्पारोव्ह अडीच. चारी मुंड्या चीत ही मात्र काकांनी पदरची घातलेली भर. फिलाडेल्फियातला पहिला डाव यंत्रानंच जिंकला होता, आणि गादीवरचा जगज्जेता संथ वेळेच्या डावात संगणकाकडून हरण्याची ती पहिलीच वेळ होती.

हा घोटाळा मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. बाजीराव म्हटलं की आपण विचारतो, कितवा? १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारा बाजीराव वेगळा आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन होऊन बिठूरला गेलेला बाजीराव वेगळा. नाव एक, घराणं एक, गादी एक, माणसं दोन. माधवरावांचंही तसंच, म्हणून एकाला थोरले म्हणतो आणि दुसऱ्याला सवाई. बुद्धिबळातल्या यंत्रांच्या मागेपुढे असं काही लावायची सवय मात्र कोणी लावून घेतलेली नाही. 'डीप ब्लू', 'फ्रिट्झ', 'स्टॉकफिश' असं मोघम बोलून आपण मोकळे होतो आणि मग समाजमंदिरात चहा थंड होतो.

माणसाच्या बाबतीत नुसतं नाव का पुरतं? विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये ग्रँडमास्टर झाला तेव्हाचा आणि २०१३ मध्ये चेन्नईत कार्लसनसमोर बसलेला, या दोघांत पंचवीस वर्षांचं अंतर आहे. खेळ बदललाय, वय बदललंय. तरी पहिल्याच्या आठवणी, सवयी, जुन्या हरण्याच्या जखमा दुसऱ्याच्या डोक्यात आहेत. शिवाय तो बदलतो ते हळूहळू. यंत्राचं तसं नसतं. रात्री प्रोग्रॅममधल्या चार ओळी बदलल्या, किंवा तोच प्रोग्रॅम दहापट वेगवान प्रोसेसरवर चढवला, की सकाळी पटावर येतो तो दुसराच खेळाडू. पाटीवरचं नाव तेवढं कालचंच राहतं.

डीप ब्लूचंच घराणं उलगडून बघू, म्हणजे नावाचा गुंता कसा होत जातो ते कळेल. सुरुवात झाली १९८५ च्या सुमारास, अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. फेंग-श्युंग श्यू नावाच्या विद्यार्थ्यानं बुद्धिबळाच्या चाली काढणारी चिप बनवली, त्यातून चिपटेस्ट नावाचं यंत्र उभं राहिलं. त्यापुढचं यंत्र डीप थॉट. हे नाव एका विनोदी इंग्रजी विज्ञानकथेतल्या संगणकावरून उचललं होतं. डीप थॉटनं १९८८ मध्ये डेन्मार्कचा ग्रँडमास्टर बेन्ट लार्सन याला स्पर्धेत हरवलं, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव्हकडून दोन्ही डावांत मार खाल्ला. त्याच सुमारास श्यू आणि त्याचा सहकारी मरे कॅम्पबेल आयबीएम या संगणक कंपनीत गेले. आयबीएमचं टोपणनाव बिग ब्लू. डीप थॉटमधला डीप आणि बिग ब्लूमधला ब्लू जोडून नवं नाव झालं, डीप ब्लू.

इथपर्यंत ठीक. पण नवं नाव आलं तेव्हा नवं यंत्र तयार कुठे होतं? १९९५ मध्ये हाँगकाँगला संगणकांची जागतिक स्पर्धा झाली. तिथे आयबीएमच्या चमूनं उतरवलेल्या यंत्राचं नाव होतं 'डीप ब्लू प्रोटोटाइप'. आतलं यंत्र मात्र डीप थॉट २, म्हणजे आधीच्या पिढीचं. ते एका साध्या पेन्टियम संगणकावर चालणाऱ्या फ्रिट्झ ३ कडून हरलं. स्पर्धाही फ्रिट्झनंच जिंकली. 'फ्रिट्झनं डीप ब्लूला हरवलं होतं' हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंत तर ते या डावाबद्दल असतं. खोटं नाही म्हणता येणार, पण कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू तेव्हा जन्माला यायचा होता. थोरल्या भावाला हरवून धाकट्याच्या नावाची ढाल मिरवावी, तसंच काहीसं.

मग आला १९९६ चा डीप ब्लू. त्यात २१६ खास चिपा होत्या. वर्षभरात चिपची नवी आवृत्ती बनवली गेली, चिपा ४८० झाल्या, आणि सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थितींची संख्या वीस कोटींपर्यंत गेली. वेगापेक्षाही महत्त्वाचा बदल दुसरा होता. पटावरची स्थिती चांगली की वाईट हे ठरवताना चिप ज्या बारकाव्यांकडे बघायची, ते सुमारे ६,४०० होते, ते ८,००० च्या वर गेले. उंटाची मोकळीक, राजाभोवतीची प्यादी, हत्तीसमोरची उघडी पट्टी वगैरे गोष्टी आता जास्त बारकाईनं मोजल्या जाऊ लागल्या. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन महिनोन्महिने त्याच्याशी खेळून चुका दाखवत होता. म्हणजे १९९७ चं यंत्र हे नुसतं जास्त वेगानं धावणारं १९९६ चं यंत्र समजणं चूक. समजही वेगळी होती. बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. २००२ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलेल्या शोधनिबंधात 'डीप ब्लू एक' आणि 'डीप ब्लू दोन' अशी नावं सरळ वापरली आहेत. १९९७ च्या यंत्राला काही लोक 'डीपर ब्लू' म्हणायचे, पण ते टोपणनाव. डावांच्या बहुतेक संग्रहांत मात्र १९९६ चे सहा आणि १९९७ चे सहा असे बाराही डाव 'डीप ब्लू' या एकाच नावाखाली आहेत.

आता आणखी एक पायरी खाली उतरू. १९९७ च्या सामन्यात दोन डावांच्या मधल्या वेळात प्रोग्रॅममध्ये बदल करायला परवानगी होती. पहिल्या डावात डीप ब्लू काळ्यांनी खेळत होता, हरत आला होता, आणि चव्वेचाळिसाव्या चालीला त्यानं हत्ती डी१ वर नेला. चालीला काही अर्थ नव्हता. पुढे श्यूनं सांगितलं की तो प्रोग्रॅममधला दोष होता. ठरलेल्या वेळात चाल निवडता आली नाही की यंत्र कुठलीतरी चाल खेळून मोकळं व्हायचं. तो दोष दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. दुसऱ्या डावात कास्पारोव्ह समोर बसला तेव्हा समोरचं कपाट तेच, नाव तेच, प्रोग्रॅम मात्र कालचा नव्हता. काटेकोर बोलायचं तर पहिल्या डावातला डीप ब्लू दुसऱ्या डावात खेळलाच नाही.

सहाव्या डावाचं अजून वेगळं. कारो-कान बचावात आठव्या चालीला डीप ब्लूनं घोडा देऊन ई६ वरचं प्यादं मारलं आणि एकोणीस चालींत कास्पारोव्हनं डाव सोडला. त्या घोड्याच्या बलिदानाचं कौतुक आजही होतं. पण ती चाल यंत्रानं विचार करून काढली नव्हती. ती त्याच्या सुरुवातींच्या पुस्तकात, म्हणजे डावाच्या पहिल्या चालींच्या तयार साठ्यात होती, आणि ते पुस्तक माणसांनी भरलं होतं. म्हणून 'डीप ब्लूनं घोडा दिला' असं म्हणताना कुठला भाग खेळला तेही बघावं लागतं, वही की डोकं.

त्यानंतर डीप ब्लू एकही सामना खेळला नाही. त्याच्या दोन कपाटांपैकी एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, दुसरं कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये. त्यामुळे आज कोणी 'माझं इंजिन डीप ब्लूला हरवेल का' असं विचारलं तर उत्तर अंदाजानंच द्यायचं. अंदाज फारसा अवघडही नाही म्हणा. तुमच्या खिशातला फोन हरवेल.

आवृत्तीचा आकडा नावाला जोडायची रीत यापेक्षा जुनी आहे, आणि तिच्यामागे एक गमतीशीर अडचण होती. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सत्तरच्या दशकात जो सगळ्यात जोरदार प्रोग्रॅम होता, त्याचं नाव होतं 'चेस'. बस, एवढंच. पाळलेल्या कुत्र्याचं नाव 'कुत्रा' ठेवावं तसं. मग आकड्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. चेस ४.६ नं १९७७ ची जागतिक स्पर्धा जिंकली. चेस ४.७ हा १९७८ मध्ये टोरोंटोत डेव्हिड लेव्ही या बुद्धिबळपटूसमोर बसला. लेव्हीनं दहा वर्षांपूर्वी पैज लावली होती की दहा वर्षांत कुठलाही संगणक मला सामन्यात हरवू शकणार नाही. तो साडेतीन-दीडनं जिंकला, पण एक डाव गेलाच. बनवणाऱ्यांनी नावात कल्पकता दाखवली नाही, म्हणून आज आपल्याला नेमकं कळतं की लेव्हीसमोर कोण होतं.

याच्या उलट टोक म्हणजे मेफिस्टो. ऐंशीच्या दशकात म्युनिकच्या हेगेनर आणि ग्लेझर कंपनीनं या नावानं घरगुती बुद्धिबळ-यंत्रं विकली. पटाच्या आतच संगणक, चालीसाठी घरांवर लुकलुकणारे दिवे. रिचर्ड लँगनं लिहिलेल्या त्यांच्या प्रोग्रॅमांना शहरांची नावं दिली गेली: अॅमस्टरडॅम, डल्लास, रोमा, अल्मेरिया, पोर्तोरोझ, लियाँ, व्हँकुव्हर. ज्या शहरात त्या वर्षीची सूक्ष्मसंगणकांची जागतिक स्पर्धा झाली त्याचं नाव. शहर ओळखीचं असेल तर वर्ष लागलीच कळतं, नसेल तर डोकं खाजवा. त्यातही एकाच शहराच्या नावाखाली १६ बिट प्रोसेसरवाला आणि ३२ बिट प्रोसेसरवाला असे वेगवेगळे नग. नुसतं 'मेफिस्टो' लिहिलेला डाव सापडला तर तो यातल्या कुठल्या यंत्राचा, हे देवच जाणे. आणि डाव १८७८ चा असेल तर तो यांपैकी कुणाचाच नाही. तेव्हा लंडनमध्ये गुम्पेल नावाच्या माणसानं मेफिस्टो नावाचा बाहुला बनवला होता, आणि आडून त्याला खेळवत होता एक जिवंत बुद्धिबळपटू, इसिडोर गन्सबर्ग. जुन्या संग्रहांत त्या मेफिस्टोचेही डाव आहेत. बाजीरावांच्या यादीत नाटकातला बाजीराव घुसावा, तसा हा प्रकार.

सगळ्यात मोठा घोळ मात्र फ्रिट्झचा.

फ्रिट्झ म्हणजे हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीचा प्रोग्रॅम. मूळ इंजिन डच प्रोग्रॅमर फ्रान्स मॉर्श याचं. इंजिन म्हणजे चाल शोधणारा मेंदू, आणि बाकीचं, म्हणजे पट, बटणं, डावांचा साठा, हे त्याभोवतीचं दुकान. वर्षानुवर्षं आकडे वाढत गेले, फ्रिट्झ ३, फ्रिट्झ ५, फ्रिट्झ ८, आणि आतला मेंदू मॉर्शचाच राहिला. तेराव्या आवृत्तीनंतर मॉर्श बाजूला झाला. डीप फ्रिट्झ १४ मध्ये हंगेरीच्या ज्यूला होर्वाथचं पँडिक्स इंजिन आलं. फ्रिट्झ १५ मध्ये रिब्का नावाचं इंजिन लिहिणारा वासिक राइलिख आला. फ्रिट्झ १७ मध्ये फ्रँक श्नायडरचं गिंकगो. चौकातल्या खानावळीची पाटी तीच, गल्ल्यावरचा गणपती तोच, आचारी मात्र तिसऱ्यांदा बदललेला. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, "इथली मिसळ पूर्वीपासून झणझणीत." पूर्वीची कोणाच्या हातची, हे कोणी विचारत नाही.

त्याच नावाला पुढे लागलेली विशेषणं बघा. 'फॅट फ्रिट्झ' २०१९ मध्ये आला, तो लीला नावाच्या मुक्त, म्हणजे कोणालाही वापरायला-बदलायला खुल्या असलेल्या, प्रकल्पाच्या तंत्रावर उभा होता. २०२१ चा 'फॅट फ्रिट्झ २' हा स्टॉकफिशच्या प्रोग्रॅमवर, फक्त आतलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे शिकून शिकून स्थिती जोखणारा भाग, मोठं. यावरून स्टॉकफिशच्या मंडळींनी मुक्त परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून चेसबेसवर जर्मनीत दावा लावला, आणि २०२२ च्या अखेरीस तडजोड झाली. म्हणजे फ्रिट्झ १७, फॅट फ्रिट्झ आणि फॅट फ्रिट्झ २ ही तीन नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, आणि रक्ताचं नातं एकाचंही दुसऱ्याशी नाही.

'डीप' या शब्दाचा चकवा तर फारच जणांना लागतो. डीप फ्रिट्झ, डीप ज्युनियर, डीप श्रेडर ही नावं वाचून वाटतं की ही डीप ब्लूचीच वंशावळ. काही संबंध नाही. या नावांत 'डीप' म्हणजे एकापेक्षा जास्त प्रोसेसर एकाच वेळी वापरू शकणारी आवृत्ती, एवढंच. साधा फ्रिट्झ एका प्रोसेसरवर, डीप फ्रिट्झ अनेकांवर. डीप ब्लूच्या कीर्तीचा वारा आयता मिळाला तर दुकानदाराला तो नको कशाला असेल!

याचा परिणाम जुन्या सामन्यांवर कसा होतो ते बघा. जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक ऑक्टोबर २००२ मध्ये बहरीनला डीप फ्रिट्झशी खेळला, सामना ४-४ असा सुटला. २००६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बॉनला पुन्हा डीप फ्रिट्झशी खेळला, २-४ असा हरला. याच सामन्यातल्या दुसऱ्या डावात त्यानं चौतिसाव्या चालीला वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीला यंत्राच्या वजिरानं एच७ वर येऊन मात केली. जगज्जेत्याला एका चालीतली मात दिसली नाही. संग्रहात शोध घेतला की चौदा डाव एकत्र येतात आणि 'क्रामनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ, एकूण सहा विरुद्ध आठ' अशी बेरीज तयार होते. ही बेरीज निरर्थक आहे. २००२ चं यंत्र डीप फ्रिट्झ ७ च्या पिढीचं, २००६ चं डीप फ्रिट्झ १०. मधल्या चार वर्षांत प्रोग्रॅमही सुधारला आणि प्रोसेसरही. मधल्या काळात, नोव्हेंबर २००३ मध्ये, कास्पारोव्ह न्यूयॉर्कला 'एक्स३डी फ्रिट्झ'शी चार डाव खेळून २-२ अशा बरोबरीत सुटला. तिथला एक्स३डी म्हणजे बुद्धीची भर नव्हे. डोळ्यांवर खास चष्मा लावून हवेत तरंगल्यासारखा पट बघायचा आणि चाल तोंडानं सांगायची, त्या तंत्राचं ते नाव.

आवृत्ती कळली तरी काम संपत नाही. यंत्र कशावर चाललं आणि विचाराला वेळ किती होता, हेही नावाइतकंच महत्त्वाचं. आनंदचंच उदाहरण घ्या. जुलै १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर तो एड श्र्योडर या डच प्रोग्रॅमरच्या रिबेल १० शी आठ डाव खेळला. निकाल: रिबेल ५, आनंद ३. वाचल्यावर वाटतं, आनंद स्वच्छ हरला. आता फोडून बघा. चार डाव विद्युतवेगाचे, म्हणजे पाच मिनिटं आणि प्रत्येक चालीला थोडी भर, त्यात रिबेल ३-१. दोन डाव पंधरा मिनिटांचे, त्यात रिबेल दीड-अर्धा. आणि दोन डाव स्पर्धेच्या नेहमीच्या वेळेचे, चाळीस चालींना दोन तास. त्यात आनंद दीड, रिबेल अर्धा. वेळ वाढत गेली तशी बाजी पलटली. '५-३' हा आकडा खरा असूनही तो एकटा सांगितला तर दिशाभूल करतो. असंच १९९४ मध्ये लंडनला चेस जीनियस या प्रोग्रॅमनं कास्पारोव्हला स्पर्धेबाहेर काढलं होतं, पण ते पंचवीस मिनिटांचे डाव. त्याच स्पर्धेत पुढे आनंदनं जीनियसला घरी पाठवलं, हे मात्र आपल्याकडेही फारसं कोणाला आठवत नाही.

यंत्राचं पूर्ण नाव कसं लिहावं हे शिकायचं तर स्वीडनच्या हौशी मंडळींकडून. एसएसडीएफ ही त्यांची संघटना ऐंशीच्या दशकापासून यंत्रांना एकमेकांशी खेळवून गुणांकन यादी काढते. त्यांच्या यादीत नुसता 'फ्रिट्झ ५.३२' कधी दिसत नाही. पुढे '१२८ एमबी, के६-२, ४५० मेगाहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे स्मृती किती, प्रोसेसर कुठला, वेग किती. वाचायला रुक्ष, पण तोच प्रोग्रॅम पेन्टियम ९० वर आणि के६-२ वर असे दोन स्वतंत्र खेळाडू आहेत हे त्यात गृहीत धरलेलं आहे. डाव लिहून ठेवायची जी संगणकीय पद्धत नव्वदच्या दशकात ठरली, पीजीएन, तिच्या नियमावलीतही खेळाडूच्या नावाच्या नमुन्यांत माजी जगज्जेता मिखाईल ताल वगैरे माणसांसोबत 'अॅक्मे पॉनग्रॅबर आवृत्ती ३.२' असा एक काल्पनिक प्रोग्रॅम दिला आहे. प्यादी ओरबाडणारा! नियम करणाऱ्याला विनोदबुद्धी होती, आणि आवृत्तीचा आकडा नावातच हवा हे भानही होतं. लोकांनी पुढे नियमावली वाचली नाही, त्याला तो काय करणार.

आता स्टॉकफिश. हा मुक्त प्रकल्प २००८ मध्ये ग्लॉरुंग नावाच्या जुन्या प्रोग्रॅममधून फुटला. मूळ लेखक नॉर्वेचा, पुढचा इटलीचा, म्हणून नाव 'स्टॉकफिश', म्हणजे नॉर्वेत वाळवून इटलीत शिजवला जाणारा मासा. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, सुकी मासळीच ती. ही मासळी जवळजवळ रोज बदलते. जगभरचे स्वयंसेवक बदल सुचवतात, हजारो डाव खेळवून तो बदल खरंच फायद्याचा आहे का ते तपासलं जातं, मगच तो आत घेतात. अधूनमधून एखाद्या टप्प्याला आकडा मिळतो: ८, ९, १०. दोन आकड्यांच्या मधल्या असंख्य आवृत्त्यांना आकडा नसतो, फक्त तारीख असते आणि बदलाची खूण म्हणून अक्षर-अंकांची एक लांब माळ. याशिवाय त्यांनी एक झकास युक्ती ठेवली आहे. प्रत्येक आवृत्तीकडून ठरावीक स्थिती ठरावीक खोलीपर्यंत सोडवून घ्यायच्या आणि एकूण किती स्थिती तपासल्या तो आकडा नोंदवायचा. विचार करण्याच्या पद्धतीत जरासा बदल झाला तरी हा आकडा बदलतो. म्हणजे यंत्राच्या अंगठ्याचा ठसाच.

इतकी काटेकोर मंडळी असूनही सगळ्यात गाजलेला गोंधळ स्टॉकफिशच्याच नावानं झाला. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमनं स्टॉकफिशला शंभर डावांत हरवलं: २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव शून्य. बातम्यांत 'स्टॉकफिश' एवढंच छापून आलं. तो स्टॉकफिश ८ होता, एक वर्ष जुना. त्याला चालीला एक मिनिट असा ठोक वेळ दिला होता, त्यामुळे अवघड स्थितीत जास्त विचार करायची सोय नव्हती. सुरुवातींचं पुस्तक नव्हतं. आणि ६४ धागे, म्हणजे विचाराच्या ६४ वाटा, एकदम धावत असताना हॅश फक्त एक जीबी. हॅश म्हणजे कच्च्या गणिताची वही. आधी सोडवलेली स्थिती पुन्हा समोर आली तर उत्तर वहीतून उचलायचं. चौसष्ट जण एकाच शंभर पानी वहीत गणितं करताहेत असं डोळ्यांसमोर आणा. टीका झाली ती यावरून. पुढच्या वर्षी सविस्तर शोधनिबंध आला, त्यात हजार डाव, ३२ जीबी हॅश, डावाला तीन तास अशी रास्त व्यवस्था होती. तरी अल्फाझीरोच जिंकला: १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. तेव्हा नव्या असलेल्या आवृत्त्यांशीही त्यांनी डाव खेळवले. माझं मत विचाराल तर अल्फाझीरोचं मोठेपण पहिल्या सामन्याच्या त्रुटींनी कमी होत नाही. पण 'अल्फाझीरो स्टॉकफिशपेक्षा भारी' असं आज वर्तमानकाळात म्हणणारा माणूस २०१७ च्या मासळीबद्दल बोलतोय, हे त्याला माहीत असतंच असं नाही. सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं, आणि नंतर हातानं लिहिलेले स्थिती जोखण्याचे जुने नियम पूर्ण काढून टाकले गेले. स्टॉकफिश ८ आणि आजचा स्टॉकफिश यांत जोखण्याची एक ओळही सारखी उरलेली नाही म्हणा ना.

लीलाचं गणित अजून निराळं. तिथे प्रोग्रॅम वेगळा आणि शिकून तयार झालेलं नेटवर्क वेगळं. दोन्हींना स्वतंत्र नावं. 'लीला आवृत्ती अमुक' एवढ्यानं काहीच कळत नाही. ११२४८ क्रमांकाचं नेटवर्क होतं की ४२८५० क्रमांकाचं, ते सांगावं लागतं. तबला तोच, वाजवणारा कोण?

हे सगळं सामन्यांपुरतं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. खरी अडचण होते ती विश्लेषणात, कारण तिथे आपण सगळेच दोषी आहोत. "इंजिन म्हणतं पांढरा दीडनं वर आहे." कुठलं इंजिन? फोनवर तीन सेकंद चालवलेलं की रात्रभर चालवलेलं? शिवाय आकड्याचा अर्थही स्थिर नाही. पूर्वी एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतका वरचढपणा, असं मानायचे. स्टॉकफिश १५.१ पासून मोजपट्टीच बदलली. आता एक म्हणजे बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे जुन्या लेखातला '+१' आणि आजच्या पडद्यावरचा '+१' शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत घालणं. आणि कोणी "मी स्टॉकफिशला हरवलं" म्हणालं तर आधी लेव्हल विचारावी. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर १ ते ८ लेव्हल आहेत, आणि पहिल्या लेव्हलचा स्टॉकफिश मुद्दाम चुका करतो. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीनं त्याला हरवलंय, पेढेही वाटले होते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. जुन्या सामन्याबद्दल बोलताना वर्ष आणि गाव आधी, यंत्राचं नाव मग: '१९९७, न्यूयॉर्कचा डीप ब्लू'. आवृत्तीचा आकडा पक्का ठाऊक असेल तरच लावतो. वर्ष चुकत नाही, आकडा चुकू शकतो. घरगुती यंत्र असेल तर प्रोसेसर किंवा निदान १६-३२ बिट हे लिहितो. जलद डाव असेल तर वेळ लिहिल्याशिवाय निकाल लिहीत नाही. न्यूरल नेटवर्कवाला असेल तर नेटवर्कचं नाव. आणि फ्रिट्झ म्हटलं की आचारी कोण ते कंसात.

हा शहाणपणा अर्थात उशिरा सुचलेला आहे. परवा माळ्यावरून माझी २००१ ची डावांची वही काढली. तालुक्याच्या स्पर्धेतला एक डाव, तेविसाव्या चालीपाशी निळ्या शाईत लिहिलंय: 'संगणकाच्या मते इथे उंट मारायला हवा होता, पांढरा स्पष्ट वरचढ.' कुठला संगणक, कुठला प्रोग्रॅम, काही नाही. तेव्हा माझ्याकडे संगणक नव्हता, म्हणजे बहुधा मामेभावाच्या घरचा. त्याच्याकडे फ्रिट्झ होता हे आठवतं, कितवा ते त्यालाही आठवत नाही. मी तीच स्थिती फोनवर मांडली. उंट मारला तर डाव बरोबरीत, असं आलं. मग त्या निळ्या ओळीखाली पेन्सिलीनं तारीख टाकली, आवृत्ती लिहिली, किती मिनिटं चालवलं ते लिहिलं, आणि वही काकांच्या नातवाला दाखवायला पिशवीत टाकली.